वन्संची मूठ, ह्यांचा ठसा

आमच्या घरात 'प्लाय' ही शिवी आहे. बाकीच्यांच्या घरी त्याची कपाटं होतात, पलंग होतात. आमच्याकडे एखादं काम वरवरचं झालं, किंवा एखादा माणूस बोलायला गोड आणि वागायला पोकळ निघाला, की आमचे हे मान उडवतात आणि म्हणतात, "प्लाय आहे." झालं, त्या माणसाचा निकाल लागला. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. आता येत नाही. कारण जिने आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं प्लायच्या कारखान्यात घातली ती बाई, ह्यांची सख्खी धाकटी बहीण, त्याच खोलीत ह्यांच्यापासून दोन हातांवर बसून हे ऐकत असते.

मी त्यांना वन्सं म्हणते. ह्यांच्यासाठी त्या अजून भिंगरी. लहानपणी एका जागी ठरत नसत म्हणून मामंजींनी ठेवलेलं नाव ते. आता केस पिकले, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, तरी नाव तेच आणि स्वभावही तोच. एक गोष्ट डोक्यात शिरली की ती तडीस जाईपर्यंत ह्या बाईला चैन पडत नाही, आणि आजूबाजूच्या कुणाला पडू देत नाही. मी इतकी वर्षं दोघा भावंडांच्या मधे राहून हे सांगतेय, तेव्हा ते खरं धरायला हरकत नाही.

धंदा आमचा सुऱ्यांचा. मामंजींनी सुरू केला, ते गेल्यावर हे चालवतात. वर घर आणि खाली काम. खाली म्हणजे गल्लीकडे दार असलेली एक लांबलचक खोली, तिच्या मागे पत्र्याखाली भट्टी आणि ऐरण. पात्याचं काम ह्यांचं. पोलाद तापवायचं, ठोकायचं, पाणी द्यायचं, धार काढायची. त्यात ह्यांचा हात धरणारं कुणी नाही, हे मी बायको म्हणून नाही, घरात रोज त्याच सुरीने भाजी चिरणारी बाई म्हणून सांगते. मुठी बसवायला पूर्वी एक म्हातारे कारागीर यायचे. त्यांची नजर गेली आणि ती जागा रिकामी झाली. मग जो मिळेल तो, जमेल तशी मूठ बसवायचा.

आणि सगळ्यांत शेवटी ठसा. ही मामंजींनी घालून दिलेली पद्धत. बोटाएवढा एक पोलादी तुकडा आहे, त्याच्या टोकाला उलटं कोरलेलं पान. सुरी पूर्ण झाली, घासूनपुसून झाली, की पातं आणि मूठ जिथे भेटतात तिथल्या पितळी कड्यावर तो ठेवायचा आणि हातोडीचा एकच घाव घालायचा. घाव घालणार घरचा कर्ता. बाकी कारागिरांचा ठसा पात्यावर असतो, आमचा मुठीनंतर पडतो. म्हणजे नुसत्या पात्याची नाही, अख्ख्या सुरीची हमी आम्ही घेतली. ज्या सुरीवर ठसा नाही तिला आमच्याकडे मुकी म्हणतात. मुक्या सुऱ्या दाराजवळच्या टोपलीत पडून असतात, आणि घासाघीस करणारी गिऱ्हाइकं त्या उलटसुलट करून बघतात.

कारखाना बंद पडला तेव्हा वन्सं आमच्याकडे आल्या. लग्न केलेलं नव्हतं, भाड्याची खोली सोडली, एक ट्रंक घेऊन दारात उभ्या राहिल्या. नखांच्या कडांना तपकिरी गोंद असा बसलेला की तो आता त्यांच्याबरोबरच जाणार. आल्या आल्या त्यांनी माझं घर हातात घेतलं. डबे पुसले, कपाटं लावली, कपड्यांच्या घड्या केल्या. टॉवेलांची चळत रचायच्या ती एक उभा, एक आडवा, पुन्हा एक उभा, एक आडवा. मी सरळ करून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मीच म्हटलं, वन्सं, खाली जा हो, तुमच्या भावाला मुठींसाठी माणूस हवाय. माझा जीव सुटेल म्हणून म्हटलं. पुढे काय वाढून ठेवलंय हे तेव्हा कुठे माहीत होतं.

खाली मुठींची रडकथा चालूच होती. चांगलं वाळलेलं, मुरलेलं लाकूड आता मिळेनासं झालंय. काल कापलेलं झाड आज दुकानात येतं. मूठ बसवताना देखणी दिसते, चार महिन्यांत आकसते, मूठ धरून ठेवणारे रिव्हेट वर डोकावतात, फटीत पाणी शिरतं, आणि मग ती तडकते. त्यातून सुऱ्या जिथे खऱ्या राबतात त्या स्वयंपाकघरांत त्यांना कढत पाण्यात भिजत टाकायची सवय. एका मोठ्या खानावळीचा मुख्य आचारी आमचं जुनं गिऱ्हाईक. तो फडक्यात गुंडाळून सुऱ्या परत आणायचा आणि ह्यांच्यापुढे ओळीने मांडायचा. म्हणायचा, पात्याला हात लावायची गरज नाही मालक, पण ह्या मुठींनी आमचे हात सोलले. हे मान खाली घालून ऐकायचे आणि मुठी बदलून द्यायचे. ठसा मारलेला ना, द्यायलाच हव्या.

वन्संनी एक तडकलेली मूठ उचलली, नखाने फट उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "लाकूड एकसंध असतं तोवर ते त्याच्या मनासारखं वागतं. पातळ पातळ करून गोंद पाजला की आपल्या मनासारखं."

"म्हणजे प्लाय," हे म्हणाले.

इथून सुरुवात झाली.

पहिल्यांदा वन्संनी माझा कुकर पळवला. त्यांना लाकडाच्या तुकड्यातली हवा काढून त्या जागी पातळ गोंद भरायचा होता. कारखान्यात ह्यासाठी मोठ्या टाक्या असतात म्हणे. इथे टाकी म्हणजे माझा कुकर आणि हवा ओढायला कुठून तरी आणलेला जुना पंप. झाकणाच्या शिट्टीच्या जागी नळी लावली. गोंद असा फसफसला की बघत राहावं. मग ते तुकडे भाजायचे, तर माझा ओव्हन. आठवडाभर घराला असा वास येत होता की शेजारीण विचारायला आली, रबर जळतंय का. तुकडे मात्र खरंच दगडासारखे झाले. त्यांतला एक मधोमध कापला तर आत गोंद पोचलाच नव्हता, कोरडं ठणठणीत लाकूड. वन्सं त्या तुकड्याकडे इतक्या रागाने बघत होत्या की मी कुकरचं नावच काढलं नाही. नवा घेतला.

मग त्या आपल्या मूळ विद्येवर आल्या. फर्निचरवाल्यांकडे कागदासारख्या पातळ लाकडाच्या कापट्या उरतात, त्याला विनियर म्हणतात. त्या आणायच्या, रंगाच्या पाण्यात उकळायच्या, वाळवायच्या. एकीवर एक रचायच्या, प्रत्येक दोघींच्या मधे दोन डब्यांतून घेऊन मिसळायचा गोंद, जो पाण्याला दाद देत नाही. मग दोन जाड लोखंडी पट्ट्यांमधे ठेवून मोटारीच्या जॅकने दाबायचं. दोन दिवसांनी विटेएवढा ठोकळा निघतो. तो कापायचा, कानशीने आकार द्यायचा. मुठीच्या पोटाला गोलाई येते तसे आतले थर उघडे पडतात, आणि शाळेच्या नकाशातल्या डोंगरांच्या रेघा असतात ना, तशा रेघा मुठीभर वळत जातात. तांबडी, काळी, मधेच फिकी. पहिली मूठ बघून मी म्हटलं, वन्सं, हे सुंदर आहे हो. हे म्हणाले, "प्लायच्या पलंगाच्या कडेला असंच दिसतं."

वन्संनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आचारी आला तेव्हा त्याला तसल्या दोन सुऱ्या वापरून बघायला दिल्या. मुक्याच, ठसा नसलेल्या.

दोन्ही परत आल्या. तडकल्या नव्हत्या, पण मुठींवर लव आली होती. एक थर गुळगुळीत, त्याच्या शेजारचा खरखरीत आणि काळवंडलेला, पुन्हा एक गुळगुळीत. हातात धरवत नव्हत्या. ह्यांनी त्यांतली एक सुरी दिवसभर आपल्या टेबलावर ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. त्या दिवशी मला ह्यांचा खरा राग आला. बहिणीचं चुकलं तर बाजूला घेऊन सांगावं, प्रदर्शन कसलं मांडायचं.

चूक माझ्याच कपाटात सापडली. वन्सं टॉवेल ठेवत होत्या आणि मी वैतागून म्हटलं, अहो, सगळे एकाच बाजूने ठेवा ना, आडवे घातले की टोकं बाहेर येतात. त्या हातातला टॉवेल तसाच धरून उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. प्लायच्या कारखान्यात एक थर उभा, एक आडवा घालतात. लाकडाच्या रेषा एकमेकींना छेदून गेल्या की फळी वाकत नाही. फळीला ते बरोबर, पण मुठीला नाही. मुठीत आडव्या थरांची तोंडं उघडी पडतात, आणि लाकूड पाणी पितं ते तोंडानेच. इतकी वर्षं हाताला जे वळण लागलं होतं, ते डोक्याला न विचारता चाललं होतं. मग सगळे थर एकाच दिशेने लावायचे ठरवलं, तरी हात आपोआप आडवा जायचा. मी शेजारी बसून, सरळ, सरळ, असं म्हणत राहायचे. माझी वरची कामं खोळंबायची ती खोळंबायचीच.

नवी मूठ झाली. आचाऱ्याने नेली, आणि पुढचा सबंध उन्हाळा आणि पावसाळा ती त्याच्या स्वयंपाकघरात राबली. त्याने ती मुद्दाम पाण्यात ठेवली, भट्टीशेजारी ठेवली, एकदा हातून फरशीवर पडली. मग घेऊन आला आणि ह्यांच्यापुढे टाकून म्हणाला, हात लावून बघा. जशी नेली तशी होती. त्याचा मालक दुसरी खानावळ काढत होता. तिथे सगळ्या सुऱ्या बाईंच्या मुठीच्या हव्यात, पण ठशासकट. मालक ठसा ओळखतो, मुकी सुरी दिली तर बाजारातली समजेल.

वन्संचा चेहरा मी कधी इतका मोकळा बघितला नव्हता. त्यांना दुसरं काही नको होतं. भावाने आपल्या मुठीची सुरी हातात घ्यावी, ती कशाची आहे हे माहीत असताना घ्यावी, आणि वर ठसा मारावा. एवढंच.

हे म्हणाले, "नाही."

कारण विचारलं तर कारणही दिलं. लाकडावर टिचकी मारली की आवाज सांगतो आत काय आहे. गाठ असली, कीड असली, ओल असली, मला कळतं. गोंदाच्या आत काय आहे हे मला कळत नाही. जे मला पारखता येत नाही त्याची हमी मी कशी घेऊ. मी म्हटलं, अहो, आचाऱ्याने पारखली ना. हे म्हणाले, टिकतं म्हणून काय, प्लॅस्टिकही टिकतं. मग भट्टीकडे गेले. हा माणूस वाद अर्धवट टाकून भट्टीकडे जातो. तिथे आवाज इतका असतो की मागे जाऊन बोलण्यात अर्थ नसतो.

मला सगळ्यांत जास्त वैताग याचा यायचा की ह्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माणूस लबाड असता तर भांडता तरी आलं असतं.

आणि मग ती तपकिरी मूठ झाली. रंगवलेल्या कापट्या संपल्या होत्या, म्हणून वन्संनी नुसत्या गडद लाकडाच्या, बिनरंगाच्या कापट्या लावून एक मूठ केली. थर एकमेकांत असे मिसळले की त्या रेघा गोंदाच्या नसून झाडाच्याच वाटाव्यात. घासून टेबलावर ठेवली आणि त्या वर जेवायला गेल्या. मी खाली झाडत होते. हे आले, सुरी उचलली. तोलून बघितली. मुठीवर अंगठा फिरवला, कानाजवळ नेऊन टिचकी मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात लाकूड. बघ, आली की नाही शेवटी सरळ मार्गावर." आणि मी तोंड उघडायच्या आत ठसा ठेवून घाव घातला.

मी झाडू घेऊन तशीच उभी. पान उमटलं होतं, अगदी स्वच्छ.

वर धावले. वन्संना सांगितलं आणि म्हटलं, आता गप्प बसा. तोंडातून एक शब्द काढू नका. आणखी अशाच करा, सगळ्यांवर ठसा पडेल, आचारी खूश, मालक खूश, महिन्याभराने सावकाश सांगू. तोवर हे स्वतःच अडकलेले असतील. मी अजूनही म्हणते, यात काय वाईट होतं. घरं अशीच चालतात. पण वन्संनी घास ताटात ठेवला, हात धुतले आणि खाली गेल्या. मी मागोमाग.

"दादा, ती माझी मूठ आहे," त्या म्हणाल्या. "थरांची आहे. गोंदाची."

ह्यांनी पुन्हा सुरी घेतली. उजेडात धरली. आता बघायचं म्हणून बघितल्यावर दिसलं असणार. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ग्राइंडर चालू केला आणि पितळी कडं चाकाला लावलं. पान गेलं. कडं वाकडंतिकडं झिजलं. सुरी टोपलीत टाकली, मुक्या सुऱ्यांत.

त्यानंतर दोघांनी अबोला धरला, आणि माझी टपालखात्यात नेमणूक झाली. भिंगरीला सांग, कडी संपलीत. दादाला सांगा, पाती जाड येताहेत. दोघं एका खोलीत, एका दिव्याखाली, आणि निरोप माझ्या तोंडून. एकदा मी भाजी गॅसवर टाकून खाली आले होते आणि दोघांनी एकाच वेळी मला हाक मारली. तेव्हा मी सांगून टाकलं की भाजी करपली तर आज दोघांनाही वाढणार नाही. खरंच करपली, आणि दोघांनी निमूट खाल्ली. पण बोलले नाहीत ते नाहीतच.

वन्संना मी एकदा विचारलं, ठसा पडला होता ना, मग सांगायला का गेलात? त्या म्हणाल्या, "वहिनी, त्याने लाकडावर ठसा मारला. माझ्यावर नाही." मला तेव्हा वाटलं, ही बाई आणि हिचा भाऊ एकाच भट्टीतून निघालेत. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना.

आचारी पुन्हा आला. नवी खानावळ सुरू व्हायची वेळ आली होती, त्याला हो की नाही ते हवं होतं. ह्यांनी त्याला सांगितलं, सुऱ्या मिळतील, ठशासकट, पण लाकडी मुठीच्या. चांगलं लाकूड शोधून आणतो. आचारी वन्संकडे बघायला लागला. वन्सं काम करत राहिल्या. तो म्हणाला, दोन दिवसांनी येतो, आणि गेला.

तो दाराबाहेर पडला आणि वन्संनी कानस खाली ठेवली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, ह्यांनाही चढवता आला असता.

"मला हे लाकडाचं काम शिकायचं होतं," त्या म्हणाल्या. "तुला आठवत नसेल. बाबांच्या मागे लागले होते मी. बाबा म्हणाले, एक भट्टी दोघांना पोसत नाही. दादा इथे बसेल, तू कारखान्यात जा. गेले. तू टिचकी मारून लाकूड ओळखायला शिकत होतास तेव्हा मी तिकडे गोंद लावत होते. मग मला काय येणार, दादा? तुम्ही जे शिकायला पाठवलंत तेच घेऊन घरी आलेय ना मी."

हे म्हणाले, "तेव्हा मी काय करणार होतो? मी केवढा होतो."

"तेव्हा काही नाही. आत्ताचं विचारतेय."

मी ह्यांच्याकडे बघत होते. लग्न झाल्यापासून ह्या माणसाला मी चिडलेला बघितलाय, थकलेला बघितलाय. असा कधी बघितला नव्हता. हात पुसायचं फडकं उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोला हो, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. आणि हे भट्टीकडे गेले.

दोन दिवस मागून ठोकण्याचा आवाज येत राहिला. जेवायला वर आले नाहीत, ताट खाली नेऊन दिलं. आचारी यायच्या दिवशी सकाळी ह्यांनी पाती आणून वन्संच्या टेबलावर ठेवली. खानावळीला हवी होती तेवढी सगळी, पाणी दिलेली, धार काढलेली, नुसती मूठ बसायची बाकी. आणि म्हणाले, माझ्यामार्फत नाही, सरळ बहिणीला म्हणाले, "तुझ्या मुठी लाव. त्या रेघांच्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वन्संनी वरचं पातं उचललं आणि त्या थबकल्या. मी वाकून बघितलं. पात्याचं शेपूट असतं ना, मुठीच्या दोन फाकांमधे जाणारी उघडी पट्टी, जी मूठ लागली की कायमची झाकली जाते, तिच्यावर पान होतं. स्वच्छ, खोल, एका घावाचं. दुसरं पातं बघितलं, त्यावरही. सगळ्यांवर. कड्यावर कुठेच नाही.

"मारला ना ठसा," हे म्हणाले. आवाज असा की जणू स्वतःच्या अंगातलं काही कापून दिलंय. मला माहीत आहे, खरंच दिलं होतं. मामंजींच्या पद्धतीत आजवर त्या ठशाची जागा बदललेली नव्हती.

मी म्हटलं, "अहो, पण तो आत गेला. मालकाला काय दाखवणार आचारी?"

"सांगायचं, आत आहे."

"आणि त्याने विश्वास ठेवायचा?"

वन्सं अजून त्या पानावरून अंगठा फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझी मूठ मोडली तरच हा दिसणार."

"मोडली तर," हे म्हणाले, आणि ह्या वेळी गेले नाहीत, तिथेच उभे राहिले.

ह्या बाईने मूठ मोडू नये म्हणून माझा कुकर घालवला, ओव्हन घालवला, अख्ख्या जन्माची सवय हातातून काढून टाकली. आणि भावाचा ठसा जगाला दिसायचा तर तीच मूठ मोडायला हवी. मला दोघांच्या कानांखाली वाजवावीशी वाटली. वन्सं आता पातं फेकतील असं वाटलं. फेकलं असतं तर मी बोलले नसते.

त्यांनी दोन्ही डबे उघडले, गोंद मिसळला आणि त्या पानावर घातला. नेहमी लावतात त्याहून जरा जास्तच.